आरती थांबवणारा उल्डिस

उल्डिस गेल्याचा मेसेज मंजिरीला आला तेव्हा आम्ही न्यूझीलंडमधल्या आमच्या पोरिरुआच्या सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर निवडत होतो. ती ट्रॉलीला धरून तिथेच उभी राहिली, डोळे भरून आले. माझ्या तोंडात मात्र "सुटलो" आलं होतं. बायकोकडे बघून मी ते गिळलं... पण गेल्या काही आठवड्यांत त्याच्याबद्दल इतकं गोड गोड ऐकलं आहे की आता गिळवत नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच लिहायचं असतं, हे मला ठाऊक आहे. ते काम बाकीच्यांनी चोख केलं आहे.

तो लॅटव्हियाचा. रिगाच्या ऑपेरात गायकांना पियानोवर तालीम देण्यापासून सुरुवात करून मुख्य कंडक्टरच्या जागेपर्यंत चढलेला. समोर वादक, वर मंचावर गायक आणि मध्ये काडी घेऊन हा. कुणी श्वास कधी घ्यायचा तेही हाच ठरवणार. एकदा कुणी बडा मंत्री उशिरा आत आला, खुर्ची वाजली, म्हणून याने ऑपेरा थांबवून अख्खा अंक पहिल्यापासून सुरू केला म्हणे. हे तो अभिमानाने सांगायचा. मग एका ऑपेराच्या सीझनसाठी वेलिंग्टनला आला, व्हायोला वाजवणाऱ्या इथल्या बाईशी लग्न केलं आणि राहिला. इथल्या ऑर्केस्ट्राने त्याला काही वर्षं सहन केलं. तालमीत दर दोन ओळींनी थांबवायचं, चांगल्या चांगल्या वादकांचा पाणउतारा करायचा... शेवटी त्यांनी करार वाढवला नाही. तेव्हा हा गृहस्थ आमच्या भागातल्या हौशी गायकांच्या कॉयरच्या मानगुटीवर बसला, आणि त्या कॉयरमध्ये माझी बायको.

एका मंगळवारच्या तालमीत त्याने मंजिरीला सगळ्यांसमोर एकटीला एकच ओळ गायला लावली. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. ती गाडीत येऊन रडली.

"पुढच्या मंगळवारी जायचं नाही," मी म्हणालो.

"जाणार," ती नाक पुसत म्हणाली. "अरे, शेवटच्या वेळी बरोबर आलं होतं."

तिचं तिने बघावं म्हटलं. पण मग हा माणूस माझ्या आरतीत आला.

आमच्या मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसतो. आरती मी घ्यायचो, झांजा माझ्या हातात. वडिलांच्या आहेत त्या. डोंबिवलीच्या सोसायटीत ते आरती घ्यायचे तीच माझी गती: सुरुवात बेताची, मग चढत चढत शेवटी नुसती धमाल. ते गेले तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही. ती गती हेच त्यांचं माझ्याकडे उरलेलं. एका वर्षी मंजिरीने उल्डिसला गणपतीला बोलावलं. दारात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढून तो पुढेच येऊन उभा राहिला. आरती रंगात आली आणि त्याने हात वर करून मूठ मिटली. कॉयरच्या सवयीने मंजिरी गप्प झाली, तिच्या मागच्या बायका गप्प झाल्या, टाळ्या विरल्या, आणि मी एकटाच झांजा बडवत राहिलो. गणपतीसमोर आरती अर्ध्यात थांबली हो!

"सॉरी," तो त्याच्या जाड इंग्रजीत म्हणाला, "पण मुलांकडे बघा. तोंडं बंद आहेत. तुम्ही पळता, ती मागे राहतात."

आणि अर्थाचं एक अक्षर कळत नसताना त्याने अख्ख्या हॉलकडून आरती पहिल्यापासून म्हणून घेतली. सावकाश, प्रत्येक ओळीनंतर सगळ्यांनी मिळून एक श्वास. आमचे अध्यक्ष झकास म्हणायच्या इथल्या थाटात "स्वीट ॲज, स्वीट ॲज" करत मान डोलावत होते. मला ती अंगाई वाटली. प्रसादाच्या वेळी मी त्याला गाठून म्हटलं, "ही तालीम नव्हती."

"मग शिकणार कधी?" मोदक चावत तो म्हणाला.

त्यानंतर मंडळात त्याचीच गती चालली. मी झांजा कपाटात ठेवल्या. गणपतीत आरती सुरू झाली की मी बाहेर पार्किंग सांभाळायचो. कुणी बोलवायला आलंच तर गाड्या फार आहेत म्हणायचो... गाड्या कुठल्या फार!

यंदाच्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, तो गेला. गणपतीत मी अध्यक्षांना सांगून टाकलं, आरती मी घेणार. वडिलांच्या झांजा पुसून नेल्या. मुलगी, इरा, शेजारी येऊन उभी राहिली. उल्डिसने आरती थांबवली तेव्हा ती एवढीशी होती, आता माझ्या खांद्याला लागते, आणि घरात पाणीसुद्धा मराठीत मागत नाही. मी सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला गती वाढवली. मागे कुणी आलं नाही. हॉल आपला सावकाश चालला होता, आणि ओळ संपली की सगळ्यांचा एकत्र श्वास ऐकू येत होता.

"बाबा, वेट फॉर अस," त्या श्वासात इरा कुजबुजली, आणि पुढची ओळ म्हणाली. अख्खी. एकेक अक्षर स्वच्छ मराठीत. इतकी वर्षं ती म्हणत असणार, मी बाहेर गाड्या बघत होतो.

उल्डिसला मी माफ केलेलं नाही. वडिलांची गती त्याने घेतली ती घेतलीच, आणि आता ती परत मागावी तर तो जागेवरही नाही. मी झांजा थांबवल्या. ओळ संपली, हॉलने श्वास घेतला. मीही घेतला, आणि इराबरोबर झांजा उचलल्या.