फ्लेक्सवरचा इंजिनीअर

मी इंजिनीअर व्हायला घरातून निघालो, त्या सकाळी आमच्या फाट्यावर माझा फ्लेक्स लागला होता. झालो म्हणून नव्हे, होणार म्हणून. 'गावचे सुपुत्र, भावी इंजिनीअर संभाजी यांना हार्दिक शुभेच्छा.' बारावीच्या हॉलतिकिटावरचा फोटो ताणून ताणून एवढा केला होता की माझे दोन कान दोन वेगळ्या ग्रामपंचायतींत मोडावेत. खाली शुभेच्छुकांची रांग, सगळ्यांना गॉगल. परीक्षा मी दिली आणि गॉगल त्यांनी घातले, तेव्हाच मला कळायला हवं होतं की या धंद्यात कोण चमकणार आहे.

आमचं गाव कडेगावच्या अलीकडं. उसाचं, आणि घरटी एक तरी माणूस फौजेत जाऊन आलेलं. आमचे आबाही हवालदार होऊन परतलेले. एसटी यायच्या आधी त्यांनी माझी काळी लोखंडी पेटी भर फाट्यावर उघडली आणि पलटणीतल्यासारखी तपासणी सुरू केली. टॉवेल? आहे. सुईदोरा? आहे. मेस टिन? मी म्हटलं, आबा, तिथं मेसमध्ये ताटं असतात. आबा म्हणाले, असू देत, लढाई कुठंबी व्हईल. तोवर माझ्या नाडीच्या चड्ड्या अख्ख्या गावानं बघून घेतल्या. पेटीच्या झाकणावर त्यांनी पांढऱ्या रंगानं माझं नाव रंगवलं होतं आणि नावापुढं 'बी. ई. मेकॅनिकल'. कॉलेजचा पहिला तास व्हायचा होता, पण पदवी झाकणावर वाळून खडखडीत झाली होती. सांगलीच्या हॉस्टेलवर पुढची चार वर्षं मला सगळे 'सुभेदार' म्हणत, ती बढती त्या पेटीमुळं.

आबांचं एक वाक्य होतं. "रानात राबणारी लय हायत घरात. डोक्यानं खाणारा एक तरी निघू दे." आई एवढंच म्हणाली, "पोचलास की फोन कर. न्हाई पोचलास तरी कर."

आई, अजून पोचलो नाही. तू गेलीस तिथं फोन लागत नाही म्हणून लिहितोय. गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्या मागंपुढं पेट्या घेऊन निघालेल्यांनो, तुमच्यासाठीही लिहितोय. कारण या उन्हाळ्यात मी आमच्या घरात खरं बोललो आणि घरानं मला खोटं पाडलं. तो राग अजून उतरलेला नाही.

पदवी झाली. चाकणला एका कंपनीत लागलो. कंपनीत म्हणजे कंपनीच्या आवारात, नोकरी ठेकेदाराची. ओळखपत्रावर 'ट्रेनी इंजिनीअर', आणि काम काय, तर पट्ट्यावरून येणारा प्रत्येक नट बसलाय का ते बघून कागदावर बरोबरची खूण करायची. चार वर्षं उष्मागतिकी शिकून मी बरोबरची खूण करत होतो. ट्रेनिंग संपत आलं की कामावरून कमी करायचे आणि पुन्हा नवा ट्रेनी म्हणून घ्यायचे. तीनदा अननुभवी ठरलेला मी जगात एकटाच नसेन, आमची अख्खी शेड होती. तरी गावाकडं येताना मी जुनी गाडी घेऊन आलो. येरळेच्या पुलावर क्लच गेला आणि ट्रॅक्टरनं ओढत मला गावात आणलं. फाट्यावरची मंडळी म्हणाली, इंजिनीअर हाय गड्या, पेट्रोल वाचवतोय.

मग शहाणपणा सुचला, की आणखी शिकावं. एम. ई. केलं आणि पुण्याबाहेरच्या एका खाजगी कॉलेजात प्राध्यापक झालो. आता आमची गंमत ऐका. आमच्यासारख्या कॉलेजात बाकं रिकामी असतात. म्हणून उन्हाळा आला की प्राध्यापकांना जिल्हे वाटून देतात. ब्लेझर घालायचा, माहितीपत्रकांचा गठ्ठा घ्यायचा आणि गावोगाव जाऊन पोरं आणायची. ठरलेली पोरं आली नाहीत तर पगार अडतो. आलीच तर अर्धा निघतो. म्हणजे मी इंजिनीअर होऊन काय करतो, तर आणखी इंजिनीअर गोळा करतो. आणि ते बाहेर पडून काय करणार, तर माझ्या शेजारच्या टेबलावर बसून त्यांच्या मागची पोरं गोळा करणार. ऊस तोडायला टोळ्या येतात, त्यांचा मुकादम तरी सरळ सांगतो की कष्टाचं काम आहे. आम्ही मुकादमच, फक्त टाय लावलेले.

या वर्षी माझ्या वाट्याला सांगली जिल्हा आला. साहेब म्हणाले, तुम्ही तिकडचेच, तुमच्यावर विश्वास ठेवतील. बरोबर होतं त्यांचं. विट्याकडच्या एका घरी मी मे महिन्याच्या उन्हात ब्लेझरमध्ये घाम गाळत बसलो आणि कंपन्या कशा दारात उभ्या असतात ते सांगितलं. त्या घरच्या म्हातारबांनी मला मध्ये अडवलं नाही. उलट आत वर्दी दिली, "सायबाला ताक आणा गं, लांबनं आल्यात." त्यांनी एकही शब्द तपासला नाही. ब्लेझर बोलत होता, ते ऐकत होते.

तिथून मी घरी गेलो, थोरल्या भावाकडं. त्याला मी दादा म्हणतो. आबांनंतर घर त्याचंच. त्याचा ओंकार नुकताच बारावी झालेला. फाट्याकडच्या आमच्या पाच गुंठ्यांत ओंकार आणि वहिनी उसाच्या रोपांची नर्सरी चालवतात. हिरवं शेडनेट, ट्रेमध्ये कोकोपीट म्हणजे नारळाचा भुसा, त्यात उसाचे डोळे लावायचे, रोप हातभर झालं की शेतकरी टेम्पो घेऊन दारात. पोरानं अकरावी-बारावीचं अर्धं शेडनेटखालीच वाचून काढलं. गेल्या हंगामात नर्सरीत खर्च जाऊन जे उरलं, तेवढं माझ्या खात्यावर कुठल्याच वर्षी आलेलं नाही. हे मला वहिनींनी हसत सांगितलं आणि मी हसल्यासारखं केलं.

दादानं ठरवलं होतं. ती पाच गुंठ्यांची जागा एका ढाबेवाल्याला विकायची आणि त्या पैशावर ओंकारला इंजिनीअर करायचा. माझ्याच हाताखाली, माझ्याच कॉलेजात. मी बाहेरच्या सोप्यात टेकलोही नव्हतो तोवर म्हणाला, तुझं काम झालं बघ, एक पोरगं घरातनंच घे.

मी ब्लेझर काढला. खुंटीला अडकवला. आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. अर्धा पगार, अडलेला पगार, चाकणच्या बरोबरच्या खुणा. माझं घर बायकोच्या शाळेतल्या नोकरीवर चालतंय हेही. पोरगं आत्ताच कमावतंय दादा, जागा घालवून त्याला माझ्यासारखा करू नको, म्हटलं. डिप्लोमा करू दे, शेतकीचं शिकव, हवं तर बाहेरून पदवी घेऊ दे, पण ती जागा विकू नको.

दादानं तंबाखू मळायची थांबवली. मला वाटलं, पटलं.

"किती वर्सं झाली तुला साहेब होऊन?"

"तेरा-चौदा."

"आनि माझ्या पोराची पाळी आली तवाच पगार अर्धा झाला व्हय तुझा?"

मी म्हटलं, दादा, आईची शपथ.

"आईला मधी आणू नगंस. तुझ्या पोटात दुखतंय संभा. घरात एकच इंजिनीअर पायजे, आनि तो तू. फ्लेक्सवर चढताना न्हाई सुचलं तुला हे."

विट्यात खोटं बोललो तर ताक मिळालं. घरी खरं बोललो तर हे. मी जेवायला बसलो नाही. वहिनी दोनदा ताट घेऊन आल्या, दोनदा मी "भूक न्हाई" म्हटलं, आणि तिसऱ्यांदा त्या आल्याच नाहीत. तेव्हा मग भूक लागली. रुसायलाही अक्कल लागते, तीही मला चार वर्षांत कुणी शिकवली नाही.

दादा मागच्या अंगणात बाजेवर होता. मी जाऊन बसलो. त्यानं सरकून जागा केली. मग हळू बोलला. त्या बोलण्यानं माझा राग गेला नाही, उलट कुणावर काढावा तेच कळेना झालं.

"पोरगं कमावतंय हे मला दिसत न्हाई व्हय रं? आंधळा हाय का मी? पर उद्या त्याला पोरगी बघाया जाईन, तवा समोरचा इचारणार, मुलगा काय करतो. मी सांगणार नर्सरी हाय. तो म्हणणार, म्हंजे शेतीच की. आनि च्या पाजून वाटेला लावणार. खालच्या आळीतली चार पोरं बघ. बागायत हाय, टॅक्टर हाय, चाळिशीला आल्यात. कोन देतंय पोरगी? तुला अर्दा पगार का असंना, बायको मिळाली का न्हाई?"

मिळाली. आणि कशी मिळाली तेही दादाला ठाऊक होतं. माझ्या सासऱ्यांनी पगाराचा आकडा विचारलाच नव्हता. 'मुलगा इंजिनीअर' एवढ्यावर सुपारी फोडली.

म्हणजे बघा, पदवी आता नोकरीसाठी राहिलीच नाही. मुंडावळ्या बांधायचा परवाना झाली. पोरीचे बाप स्वतः उसात उभे राहून सांगतात, शेतीवाला नको. आणि पोराचे बाप तोच ऊस विकून कागद आणतात. ज्या रोपांवर पोरगं उभं आहे, तीच उपटून त्याला उभं करायचं. यात कॉलेजवाले श्रीमंत झाले, ढाबेवाले श्रीमंत झाले, फ्लेक्सवाले तर फारच झाले. मी कुणाला बोलू? दादाला? तो चुकत नव्हता, हीच तर खरी चीड. आमच्यात हिशेब चुकलेला माणूस एकच, आणि तो गणितात बरा म्हणून इंजिनीअरिंगला गेला होता.

मी एक मात्र केलं. ओंकारला माझ्या कॉलेजात घेतलं नाही. साहेब म्हणाले, घरचा एक तरी आणायचा होता. मी म्हटलं, घरचेच विश्वास ठेवत नाहीत, सर. त्या महिन्याचा पगार अडला.

त्यानं काही थांबलं नाही. पंधरवड्यात दुसऱ्या कॉलेजचा दुसरा प्राध्यापक घरी येऊन गेला. त्याचा ब्लेझर माझ्यापेक्षा चांगला होता, आणि त्यानं दादाला बॅग आणि टोपी दिली. तोही बहुतेक कुठल्या तरी फाट्यावरचा फ्लेक्स असेल. पाच गुंठे ढाबेवाल्याचे झाले.

ओंकार निघाला त्या दिवशी दादानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. एसटीतून उतरलो तर समोर फ्लेक्स. ओंकारचा फोटो मधे, आणि त्याच्या डोक्यावर, देव बसवतात त्या जागी, ब्लेझरमधला मी. 'प्रेरणास्थान.' दादा शेजारी उभा, अभिमानानं माझ्याकडं बघत. भांडणाचा मागमूस नाही. "कसा दिसतोय?" म्हणाला. मी म्हटलं, गॉगल राहिला.

आबांची काळी पेटी दादानं रंगवून घेतली होती. माझ्या नावावर काळा हात आणि त्यावर पांढऱ्यात ओंकारचं. 'बी. ई.' तेवढं जुनंच ठेवलं होतं, परत कशाला लिहायचं म्हणून.

एसटी लागायला वेळ होता. ओंकार मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुमी पप्पांना सांगितलं ते खरं होतं न्हवं?"

"होतं."

"मला ठावं हाय. तुमचं बूट बघितलं की मी."

मी माझ्या झिजलेल्या बुटांकडं बघितलं. ब्लेझरच्या खाली फ्लेक्सवर बूट येत नाहीत.

"मग पप्पांना नको का म्हणाला नाहीस?"

"तुमी म्हणाला होता का आबांना?"

एसटी आली. पेटी टपावर गेली. त्यानं खिडकीतून त्याच्या आईला एवढंच सांगितलं, की ट्रेना सकाळचं पाणी देत जा, दुपारचं नको. वहिनी मान हलवत राहिल्या. जागा गेल्यामुळं ट्रे घराच्या मागं गोठ्याजवळ आणले होते, अर्धेच. एसटी वळणाआड गेली तरी दादा हात हलवत होता, आबा हलवत होते तसाच, फौजी, कोपर न वाकवता.

माझा पहिला फ्लेक्स पुढं कुठं गेला ते सांगायचं राहिलं. गोठ्याचं पत्रं गळत होतं, तिथं आबांनी तो टाकला. कित्येक वर्षं म्हैस माझ्या भावी इंजिनीअर चेहऱ्याखाली रवंथ करत उभी होती. आई म्हणायची, "तुझ्या तोंडाखाली म्हस दूध जादा देती." माझ्या शिक्षणाचा घराला झालेला पहिला फायदा तो. दुसऱ्याची मी वाट बघत होतो.

परवा वहिनींचा फोन आला. ओंकारची पहिली परीक्षा झाली, दर शनिवारी येतो, येतो तो सरळ ट्रेकडं जातो, पेटी तशीच उमऱ्यात. तिकडं अवकाळी झाला. मी विचारलं, रोपं भिजली असतील, कोकोपीट वाहून गेलं असेल.

"न्हाई भावजी. फाट्यावरचा फ्लेक्स काढून आणला आनि वर टाकला. एक थेंब आत न्हाई गेला. तुमचं तोंड खालच्या अंगाला केलंय. वर केलं आसतं तर उन्हानं गेलं आसतं."

फोन ठेवला आणि बराच वेळ राग शोधत बसलो. होता, तिथंच होता. पण आता गाव म्हटलं की मला तेवढंच दिसतं. गोठ्याजवळ, अंधारात, उसाच्या रोपांवर पालथा पडून मी वरचं पाणी अंगावर घेतोय. प्रेरणास्थान बाहेरून कुणाला दिसत नाही, आणि खाली पोराचं खरं काम वाढतंय.