रविवारी मी बसते

वहिनींनी माझ्याखालून सोफ्याची खोळ ओढली.

मी धड उठलेही नव्हते. खोळीचं टोक त्यांच्या हातात आलंच होतं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू. बडोद्यात कारेलीबागेतला फ्लॅट, जरीच्या साड्यांची दाटी, हातात आंब्याच्या डाळीच्या वाट्या. मी त्या घरी वहिनींच्या सासूबाईंना, आजींना, सांभाळणारी बाई. गौर दिसावी म्हणून आजींना पलंगावरून उचलून खुर्चीत आणलं. आजी अंगानं भारी. माझ्या कंबरेत कळ आली आणि मी सोफ्याच्या कडेला टेकले. टेकले म्हणते. बसणं त्याला म्हणत नाहीत.

"ऊठ!" वहिनी म्हणाल्या. "तुमच्यात चालत असेल. आमच्यात नाही."

तुमच्यात म्हणजे ख्रिस्ती लोकांत. त्याआधी आम्ही गावाबाहेरचे. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण वहिनींच्या लेखी ते पाणी वायाच गेलं होतं.

खोळ धुवायला गेली. आणि खाली काय दिसलं म्हणता! या घराचे पणजोबा बडोद्याच्या दरबारात बडे अधिकारी. भिंतीवर पगडी घालून अजून करड्या नजरेनं बघतात. त्यांच्या वंशजांचा सोफा उघडा पडला तर पिवळा फोम, त्यावर तेलाचे डाग, फटीत एक फणी आणि मूठभर शेव. त्यावर कोण बसणार? मी क्षणभर टेकले म्हणून जरीच्या साड्या तासभर उभ्या. मला हसू फुटत होतं. ते लपवायला मी वाकून आजींची हनुवटी पुसू लागले.

आजी तोंड पुसून घेत म्हणाल्या, "आमच्या वेळी असल्यांना मागच्या दारानं घेत. हिला पुढून घेतली, तिथंच चुकलं."

माझं हसू संपलं.

याच हातांनी सकाळी त्यांना धुतलं होतं. याच हातांनी वरणभात भरवला होता. हात चालत होते. हातांमागची बाई चालत नव्हती. एवढं बारीक सोवळं पाळायचं तर घरात भिंगच लागत असेल. पण त्या दिवशी मी बोलले नाही. गप्प बसले, असं म्हणायची सोय नाही. गप्प उभी राहिले.

संध्याकाळी वहिनींनी फर्मावलं, "रविवारी लवकर ये. ऑफिसवाल्या बायकांचं हळदीकुंकू ठेवलंय."

गौरीला रविवार चालत होता. मला नाही. त्या घरी लागल्यापासून मी चर्चमध्ये गेले नव्हते. सुट्टी मागितली की वहिनी गोड हसायच्या. "देव काय, सगळीकडे असतो. भांडी लावता लावता हाक मार."

रविवारी मी आमच्या बाजव्याच्या रिक्षा स्टँडवर आले. कारेलीबागेची रिक्षा भरत होती. ड्रायव्हर म्हणाला, "चालो बेन, एक सीट." आमची चूल माझ्याच पगारावर पेटते, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी मी वळले आणि चर्चकडे चालू लागले.

आमचं चर्च म्हणजे पत्र्याची शेड. रिफायनरीचा वास आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. पुढच्या रांगेत मात्र गादीच्या, कमिटीवाल्यांसाठी. हो, तिथंही असतात. दरबार काय फक्त कारेलीबागेतच भरतो? मी सरळ गादीच्या खुर्चीत जाऊन बसले.

कमिटीवाले भाई वाकून म्हणाले, "बेन, पाछळ जग्या छे." मागे जागा आहे.

"मने खबर छे," मी म्हणाले, आणि पाठ टेकली.

पाळकसाहेब सांगत होते, की थकलेल्यांनी, ओझी वाहणाऱ्यांनी यावं, ख्रिस्त त्यांना विसावा देतो. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं. त्या दिवशी माझ्या कंबरेनं ते पहिल्यांदा ऐकलं. आधी अंग धुऊन या, असं तो म्हणालेला नाही. मागच्या दारानं या, असंही नाही. या, एवढंच. आणि तो सुताराच्या घरचा. थकलेल्या माणसाला आधी काय लागतं, ते त्याला कुणी शिकवायला नको.

मग मी झोपले. चक्क घोरले. लोकांना प्रभू भेटला की डोळ्यांत पाणी येतं, मला घोरणं आलं. मागून कळलं, भाई मला हलवायला उठले, तसं पाळकसाहेबांनी प्रवचन थांबवलं. "ऊंघवा दो एने. थाकेली छे." झोपू द्या तिला. दमलीय.

तेवढ्यात माझा फोन वाजला आणि मला जाग आली. मी बाहेर गेले नाही. तिथंच उचलला.

"कुठं मेलीस? आजींना खुर्चीत बसवायचंय!"

"चर्चमध्ये आहे, वहिनी."

"काय करतेयस तिथं?"

"बसलेय."

"बसलीयस? इथं बायका यायला लागल्या आणि तू बसलीयस?"

"हो. रविवारी मी बसते."

मागून कुणीतरी "आमेन" म्हणालं.

सोमवारी गेले. वहिनी दारातच, चेहऱ्यावर उपकार. आजींच्या पलंगाशी एक नवं प्लास्टिकचं स्टूल. "बघ, खास तुझ्यासाठी आणलं. यावर बस खुशाल. दुसरीकडे कुठं नको. आणि रविवारचं ते खूळ बंद."

मी स्टुलाकडे पाहिलं. हे जमिनीवरच बसणं होतं, फक्त पाय लावलेलं.

"वहिनी, हे तुम्हीच ठेवा," मी म्हणाले. "आजींना उचलून तुमची कंबर गेली की लागेल."

"काम सोडतेयस? कोण विचारणार तुला?"

"आता मीच विचारीन," म्हटलं, आणि पुढच्या दारानं बाहेर पडले.

महिनाभर घरात चटणी-भाकरी होती. नवऱ्यानं तोंड फिरवलं. लोक विचारतात, येशूनं शांती दिली ना? दिली. पण त्यानं मी मऊ झाले नाही. पाठ टेकली की पहिलं कळतं ते हे, की इतकी वर्षं कुणी टेकू दिली नव्हती.

आता नव्या घरी कामाचं बोलायला गेले की मी आधी दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसते. मग रविवारची सुट्टी सांगते. मागत नाही. समोरच्या बाईची नजर माझ्या चेहऱ्यावरून खुर्चीवर उतरली, की मी उठते आणि निघते. तिची सासू तिनं उचलावी.