दोरा बांधलेलं फुलपात्र

लढाईचे दिवस होते. यांची राहात्याहून नगरच्या शाळेत बदली झाली आणि एक ट्रंक, एक वळकटी एवढा संसार घेऊन आम्ही माळीवाड्यात खोली शोधत हिंडलो. खोल्या दोन तऱ्हेच्या. मोकळी म्हणजे चार भिंती, खुंट्या आणि चूल. बाकी तुमचं तुम्ही आणा. सामानासकट म्हणजे खाट, कपाट, मांडणी, अगदी भांडीसुद्धा मालकाची. आम्हाला सामानासकट मिळाली. "आयत्या बिळावर नागोबा," म्हणत हे लगेच खाटेवर आडवे झाले. मास्तरांना आयतं फार आवडे.

मी मांडणी पुसायला घेतली. चार फुलपात्रं रांगेत होती. पाचवं लांब कोनाड्यात, आणि त्याच्या काठाखाली काळा दोरा बांधलेला. मी हात मागे घेतला. माहेरी काकूला क्षय झाला तेव्हा तिच्या फुलपात्राला असाच दोरा होता, घरच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून. त्या दुखण्यातून काकू उठली नाही.

मालकीणबाई अंगणात शेंगा निवडत होती. तिला विचारलं, "आधी इथं कोण राहायचं?"

"माजा भाचा. लई गुनी मानूस हुता."

"आजारी होता का हो?"

तिनं सूप खाली ठेवलं. "गादी जाळली, बाई. खाट धुतलीया. लाकडाला काय हुतंय?"

मी आत धावले. "अहो, उठा त्या खाटेवरून!"

"मास्तरांची बायको ना तू?" हे हसले.

"क्षय काय मास्तरांना विचारून येतो?"

पण हे ऐकतात कसले! हे खाटेवर आणि मी खाली घोंगडीवर. विंचवाच्या धाकानं पाय पोटाशी घेऊन निजायचे, पण त्या खाटेला शिवले नाही. यांना साधा ठसका लागला तरी माझं लाटणं पोळपाटावर थांबायचं. यांना काही झालं तर मी काय करू, हा एकच विचार. मला भीती वाटायची, फार भीती वाटायची.

कटकट करकरून शेवटी मी वेशीबाहेर मोकळी खोली घ्यायला लावली. नव्या चुन्याचा वास, आणि आत कुणाचं काही म्हणजे काही नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी जमिनीवर फतकल मारून बसले आणि ट्रंकेतून आमची दोन फुलपात्रं काढली.

तेवढ्यात हे खोकले. रिकाम्या खोलीत आवाज केवढा घुमतो! पुन्हा खोकले. तोंडावरचा रुमाल काढून त्यांनी पाहिला आणि घडी करून खिशात टाकला. मला दाखवला नाही.

शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून मी दार लोटलं. मग लुगड्याच्या काठाचा एक दोरा ओढून काढला आणि एका फुलपात्राला गुंडाळला. दोनदा मारून पाहिली, पण गाठ काही बसेना. हे जवळ येऊन बसले, माझ्या हातातून दोरा घेतला आणि गाठ त्यांनीच मारली.