मराठीत बोला

फोन टेबलावर थरथरला की मला अजूनही बसवत नाही. हातातलं काम टाकून उठायचं, चष्मा शोधायचा, आणि निघतं काय, तर कुणीतरी पाठवलेलं गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. तरी उठते. आमचे हे म्हणतात, "अगं, जरा टेकत जा." टेकायला यांचं काय जातं? यांच्याकडे डब्याचा ग्रुप नाही.

डब्याचा ग्रुप हा आम्हा हैदराबादच्या मराठी घरांचा उद्योग. नांदेड, देगलूर, उदगीरकडची माणसं मोठं दुखणं निघालं की इकडे येतात, पुण्या-मुंबईपेक्षा हे जवळ. इथल्या दवाखान्यांत सगळं मिळतं, पण तापातून उठलेल्याला सांबार बघवत नाही, वरणभात हवा असतो. मग ग्रुपवर कुणीतरी लिहितं, अमका दवाखाना, दुसरा मजला, दोन माणसं. मिनिटभरात उत्तर येतं, "सकाळचा माझा." आधी डबा पोचवायचा, कोण कुठले ते नंतर विचारायचं, ही आमची रीत. ग्रुप सांभाळायचं माझ्याकडे, कारण मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आणि आवाज चढवायची सवय अजून गेलेली नाही. सगळे मला बाई म्हणतात, माझ्याहून मोठे असलेलेसुद्धा.

सगळ्यांत जास्त डबे अफझलगंजच्या वहिनींचे. नवरा गेल्यावर त्यांनी स्वतःला डब्यांना वाहूनच घेतलं होतं. त्यांच्या कण्या नावाजलेल्या. ज्वारी भरडून मऊ शिजवायची, ताक घालून पातळ करायची, मीठ बेताचं. ज्याला पाणी गिळवत नसे तोही त्या कण्या वाटीभर प्यायचा.

एका मंगळवारी सकाळी वहिनींच्या नावाने, वहिनींच्याच फोटोसह, ग्रुपमधल्या प्रत्येकाला स्वतंत्र मेसेज गेला. पेशंट अडला आहे, ताबडतोब पैसे पाठवा, संध्याकाळी परत करते. वहिनींचं नाव बघून चौघांनी पाठवलेसुद्धा. मी फोनवर फोन करून बाकीच्यांना थांबवलं आणि मग वहिनींना गाठलं. झालं होतं असं की आदल्या दिवशी त्यांना एक फोन आला होता. आम्ही दवाखान्यातून बोलतोय, डब्यासाठी तुमचं नाव लिहून घेतोय, तुमच्या फोनवर सहा आकडे आलेत ते सांगा. वहिनींनी सांगितले. डब्यासाठी म्हटलं असतं तर त्यांनी घराची किल्लीही दिली असती.

त्या रडत होत्या आणि माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही आपल्या कण्या ढवळा. फोनला पुन्हा हात लावू नका." त्यांचा नंबर मी ग्रुपमधून काढून टाकला. काढावाच लागला, तो चोरांच्या हातात होता. पण ते वाक्य बोलायची काही गरज नव्हती. वहिनींनी ते जसंच्या तसं पाळलं, फोन बंद करून कपाटात ठेवून दिला. मला हे माहीत नव्हतं, कारण त्यानंतर मी त्यांची चौकशीच केली नाही. उद्या करू, उद्या करू, असं चाललं होतं.

मग मी नियम केला. ज्याला डबा हवा त्याने आधी मला फोन करायचा आणि माझ्याशी मराठीत बोलायचं. कुठल्या कुठे बसलेल्या लफंग्याला मराठी कुठून येणार? ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. नियम लागूही पडला. पहिल्याच आठवड्यात एकजण हिंदीत पेशंटचं रडगाणं गायला लागला. मी म्हटलं, "मराठीत बोला," आणि त्याने फोन ठेवला. दुसराही तसाच पळाला. मी इतकी फुशारले की आमच्या ह्यांना तो प्रसंग दोनदा ऐकवला, दुसऱ्यांदा थोडा वाढवून.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून मेसेज आला. इंग्रजी अक्षरांत, भाषा धड हिंदी नाही धड उर्दू. आंटी नमस्ते, मम्मी को अ‍ॅडमिट किये, थर्ड फ्लोर. खाली नामपल्लीच्या पलीकडच्या एका दवाखान्याचं नाव. मागोमाग फोनच आला. मुलीचा आवाज, दमलेला.

"आंटी, मम्मी को परसों अ‍ॅडमिट करे. वो बोले, बाई को फोन कर बोलके. डायरी में से आपका नंबर लिए."

"कोण मम्मी?"

तिने वहिनींचं नाव सांगितलं, आडनावासकट. माझ्या अंगाची आग झाली. चोरलेल्या फोनमधलंच नाव आता मलाच ऐकवतात!

"मराठीत बोला," मी म्हटलं.

"आंटी, मेरेकू समझता, बोलने नै आता उत्ता. मम्मी घर में बोलते, मैं ऐसेच जवाब देती. आंटी, कण्या होना बोले मम्मी. पतले. नमक कम."

"मराठीत बोला, नाहीतर फोन ठेवा."

ती "मी... माझा मम्मी..." असं काहीतरी चाचरली आणि मी फोन ठेवला. नंबर ब्लॉक केला. खातरजमा म्हणून वहिनींचा नंबर लावून पाहिला, तो बंद. मला वाटलं, बघा, चोरांनी अजून सोडलेला नाही. ग्रुपवर ठळक अक्षरांत लिहिलं, नवीन नंबरवरून एक मुलगी फोन करते आहे, कुणीही प्रतिसाद देऊ नये. हात जोडलेल्यांची रांग पुन्हा लागली.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कारण कळेना. दुपारी पडले तर उठून बसले. संध्याकाळी दिलसुखनगरच्या बाजारात भाजीला गेले आणि भाजी न घेताच परत आले. वहिनींना एक मुलगी आहे हे मला माहीत होतं. लहान असताना झग्यात पाहिलेली, पुढे इंग्रजी शाळेत गेली, आता शहराच्या त्या काचेच्या इमारतींकडे नोकरीला. पण ती असती तर मराठीत बोलली नसती का, असं मी स्वतःला समजावत होते. आमचे हे म्हणाले, "किती येरझाऱ्या घालशील? फरशी झिजेल." मी त्यांच्यावरच खेकसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देगलूरच्या एका गृहस्थांचा फोन आला. वडिलांना दाखल केलंय. मराठी स्वच्छ, माझ्या परीक्षेत पैकीच्या पैकी. शेवटी ते संकोचून म्हणाले, "बाई, भाकरी चालेल, पण कण्या जमल्या तर बघा. दुसरं काही उतरत नाही त्यांना."

मी "हो" म्हटलं, ज्वारीचा डबा काढला, भरडलेली ज्वारी ताटात ओतली आणि तिथेच थांबले. कण्या. चोर पैसे मागतो. चोर कण्या कशाला मागेल? ती मुलगी पैशाचं अक्षर बोलली नव्हती. तिने पातळ कण्या मागितल्या होत्या, कमी मिठाच्या, आणि ती कोणत्या भाषेत मागते आहे एवढंच मी ऐकत बसले होते. मला स्वतःची लाज वाटली.

फोन उघडून अडवलेल्या कॉलची यादी पाहिली. एकाच नंबरचे कॉल एकाखाली एक, काल संध्याकाळपर्यंत. मी लावला तर उचलला जाईना. कण्या शिजायला लागणारा वेळ मला कधी एवढा मोठा वाटला नव्हता. सारखं झाकण काढून बघत होते, त्याने उलट उशीर होतो हे माहीत असून. दोन डबे भरले. देगलूरकरांचा डबा ह्यांच्या हाती दिला आणि दुसरा घेऊन मी मेट्रो पकडली. बसायला जागा होती, तरी नामपल्लीपर्यंत दाराशी उभी राहिले.

तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळ वहिनी होत्या. हाताला सलाइन, चेहरा अर्धा झालेला. शेजारच्या स्टुलावर माझ्याकडे पाठ करून मुलगी बसली होती, आईकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत. कॅन्टीनची इडली बशीत तशीच पडली होती.

वहिनींनी मला पाहिलं आणि त्या हसल्या. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं.

"बाई, आलात," त्या म्हणाल्या. आवाज फार बारीक होता. "काल दुपारपासून शिकवतेय हिला. तुम्ही मराठीत बोला म्हणालात ना. इतकी वर्षं मी कधी आग्रह धरला नाही, माझीच चूक. चार वाक्यं पाठ करून घेतली, मग सारखी फोन लावत होती तुम्हाला. लागतच नव्हता."

"वहिनी, मी..." सत्तर मुलांचा वर्ग गप्प करणारी मी, तिथे मला एक वाक्य जुळवता येईना.

मुलगी वळली. आईने सांगितलं नसतं तरी तिने मला ओळखलं असतं, माझ्या हातात डबा होता. ती पटकन उठली. ओढणी सारखी केली. शाळेत फळ्यासमोर बोलावल्यावर मुलं उभी राहतात तशी, हात शरीराशी घट्ट धरून उभी राहिली. मी "बस बेटा" म्हणायच्या आत तिने सुरुवात केली होती.

"नमस्कार बाई. माझी आई आजारी आहे. तिला दोन दिवसांपासून अन्न जात नाही." ती थांबली, आईकडे पाहिलं, वहिनींनी मान हलवली. "कृपा करून तिला कण्या द्या."

एकही चूक नव्हती.