फायनल समजू का?

लाल पानांखाली कोणत्या रंगाचे कोट घालायचे यावर आमच्या ग्रुपमध्ये मतदान झालं. मोहरी, क्रीम, ऑलिव्ह आणि 'इतर'. मतदार चार. यांतल्या दोघींनी कौन्सिलच्या निवडणुकीत मत दिलं नव्हतं. तेव्हा मी पत्रकं घेऊन एकीच्या दारात उभी होते आणि ती 'आज माझी हेअर अपॉइंटमेंट आहे गं' म्हणाली होती. कोटांच्या मतदानाला मात्र शंभर टक्के हजेरी. क्रीम जिंकला.

याला 'गर्ल्स ट्रिप' म्हणायचं. तिशीला टेकलेल्या बायका स्वतःला गर्ल्स का म्हणवतात हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. जपानच्या मधोमध डोंगरांत किसो नावाचं खोरं आहे. तिथे जुन्या काळचा पायी जाण्याचा रस्ता आहे, रस्त्यावर लाकडी घरांची गावं आहेत आणि नोव्हेंबरात मेपलची झाडं लाल होतात. तिथे पाच दिवस जायचं ठरलं होतं. त्या रस्त्यावर पूर्वी लोक ओझी वाहून मेले असतील. आम्ही तिथे क्रीम कोट घालून फोटो काढणार होतो.

आम्ही चौघी म्हणजे कोण ते सांगते. एजवेअरवाली इथेच, लंडनमध्ये जन्मलेली, जाहिरातींच्या ऑफिसात आहे, आणि जगातली कुठलीही जागा तिच्या लेखी 'क्यूट' असते किंवा नसते. दुसरी डेंटिस्ट, तीही इथलीच. तिसरी रीडिंग नावाच्या गावी सॉफ्टवेअरमध्ये, चार वर्षांपूर्वी नागपूरहून वर्क व्हिसावर आलेली. चौथी मी. दहाव्या वर्षी पुण्याहून लंडनजवळच्या स्लाऊला आले, भाडेकरूंच्या संघटनेत काम करते आणि शनिवारी हाय स्ट्रीटवर टेबल मांडून लोकांना फॉर्म भरून देते. घरमालकाविरुद्ध तक्रार, कौन्सिलचे अर्ज, व्हिसाची कागदपत्रं, जे येईल ते.

पहिला प्लॅन रीडिंगवालीने केला. एका रविवारी दुपारी बसून तिने पाच ओळींचा तक्ता बनवला: कोणत्या दिवशी कुठे, कोणती ट्रेन, मुक्काम कुठे. गुरुवारी मागोमे नावाच्या गावातून त्सुमागो नावाच्या गावापर्यंत तीन तासांची पायवाट, आणि त्सुमागोत एका म्हाताऱ्या बाईंची लाकडी सराई. खोल्या मोजक्या. पाचच्या आत पोचा, जेवण सहाला, कृपया बदल कळवू नका. त्या बाईंना तिने स्वतः मेल लिहिला आणि बुकिंग एजवेअरवालीच्या नावाने केलं, कारण एजवेअरवालीला 'लीड' व्हायचं होतं. वाटेत अस्वलं असतात म्हणून जागोजागी घंट्या टांगलेल्या असतात, वाजवत जायचं, हेही तिने शोधून काढलं होतं. तिला त्या घंट्यांचं फार अप्रूप होतं. ग्रुपमध्ये आम्ही तिघींनी तक्त्याला हार्ट दिलं. वाचला कोणीच नव्हता.

मग तमाशा सुरू झाला. एजवेअरवालीला कुठल्याशा तळ्याकाठचं काचेचं हॉटेल दिसलं. डेंटिस्टच्या खांद्यावर टॅटू, आणि तिथल्या सार्वजनिक न्हाणीघरांत टॅटू चालत नाही, म्हणून तिला गरम पाण्याचं टाकं असलेली स्वतंत्र खोली हवी होती. रोज नवी लिंक, रोज नवा पोल. 'व्हाइब बघा ना.' 'हे जास्त ऑथेंटिक वाटतंय.' ऑथेंटिक! काचेचं हॉटेल! आणि प्रत्येक बदलानंतर रीडिंगवाली एकच विचारायची, "मग हे फायनल समजू का?"

"रिलॅक्स, फायनलबाई," डेंटिस्ट लिहायची. पुढे सगळ्या तिला फायनलबाईच म्हणायला लागल्या. मीपण.

मी तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला पत्रक लिहायची सवय. तक्ता, पोल, लिंका, सगळ्यांचा वीट येऊन एका संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं: 'सुट्टीचं टाइमटेबल करणारी माणसं सुट्टीतसुद्धा मालकाची नोकरी करतात. आपण फॅक्टरीत जात नाही आहोत. तक्ता फाडा. रोज सकाळी उठून ठरवू.' एजवेअरवालीने ते ग्रुपच्या माथ्यावर पिन केलं. माझ्या कुठल्याच पत्रकाचं इतकं स्वागत झालं नव्हतं. रीडिंगवालीने बऱ्याच वेळाने लिहिलं, "मग गुरुवारचं तरी फायनल समजू का?" त्याखाली डेंटिस्टने नवी लिंक टाकली.

पुढच्या रविवारी एजवेअरवालीच्या घरी जमलो. तिच्या आईने, म्हणजे काकूंनी, बटाटेवडे केले होते. एजवेअरवालीने लॅपटॉप उघडून जाहीर केलं, "गुड न्यूज. तो म्हातारीचा खोली मी कॅन्सल केला. फ्री कॅन्सलेशन होतं. आता आपण टोटली फ्री."

रीडिंगवालीने हातातला वडा बशीत ठेवला. "कधी केलंस?"

"मंगळवारी. का?"

काकू चहाचे कप घेऊन आत आल्या होत्या. त्यांनी रीडिंगवालीकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "तुझा व्हिसा झाला का गं?"

चार वर्षांच्या मैत्रीत हा प्रश्न आमच्यापैकी एकीनेही विचारला नव्हता. आम्हा तिघींकडे ब्रिटिश पासपोर्ट, जपानला नुसतं विमानातून उतरायचं. तिचा भारतीय.

"अर्ज दिलाय काकू," ती म्हणाली. "त्याच्यासोबत रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो. तारीख, गाव, मुक्काम, सगळं. परवा जपानच्या वकिलातीचा मेल आला. गुरुवारच्या मुक्कामाचं बुकिंग सापडत नाही म्हणे, बुधवारपर्यंत खुलासा करा. मला वाटलं, त्यांचीच काही चूक असेल."

"ओ गॉड," एजवेअरवाली म्हणाली. "पण इट्स ओन्ली जपान. रिजेक्ट झालं तर पुन्हा अप्लाय कर ना."

तेव्हा पहिल्यांदा रीडिंगवालीचा आवाज चढला, आणि चढला तसा तो थेट नागपूरचा झाला. "पुन्हा? कोणत्याही देशानं कधी तुला नाकारलं आहे का, हा प्रश्न पुढच्या प्रत्येक फॉर्मवर असते. मला इथे कायमचं राहायचा अर्ज करायचा आहे. तिथे मी 'हो' लिहू? तुम्ही बदलवून राहिल्या, मी विचारून राहिले. तुम्ही फायनलबाई फायनलबाई करून हसून राहिल्या."

"पण मग सांगायचं ना गं सरळ," डेंटिस्ट म्हणाली.

"काय सांगू? माझ्या पासपोर्टसाठी तुम्ही तुमचं हॉटेल सोडा म्हणू? मग पाच दिवस मी तुमच्या उपकारांवर फिरले असते." तिने बशी बाजूला सारली. "मी अर्ज मागे घेते. मागे घेतला तर नकार लागत नाही. तुम्ही जाऊन या."

काकूंनी कप टेबलावर ठेवले आणि मुलीकडे वळल्या. "तू सहावीत होतीस, शाळेची फ्रान्सची ट्रिप होती. मी हेल्पर म्हणून येणार होते, आठवतं? डोव्हरला मला कोचमधून उतरवलं. माझा पासपोर्ट तेव्हा भारतीय होता. मला कोणी सांगितलंच नव्हतं."

"पण तू तर म्हणालीस तुला बोट लागते."

"मग काय सांगणार होते तुला, सगळ्या वर्गासमोर?"

एजवेअरवालीने लॅपटॉप मिटला. तिच्याबद्दल मला तेव्हाही फारशी दया आली नाही. तिच्या घरात ही गोष्ट वीस वर्षं पडून होती आणि तिने एकदाही चौकशी केली नव्हती. पण माझ्याकडे तर माहीत नसल्याची सबबही नव्हती. आमच्या शनिवारच्या टेबलावर कोणी येऊन बसलं की पहिला प्रश्न ठरलेला आहे: पासपोर्ट कोणता? नवीन कार्यकर्त्यांना मीच तो शिकवते. कागदांवाचून लोकांची कशी अडवणूक होते यावर मी तीन पत्रकं लिहिली आहेत. आणि ज्या एका मुलीला खरोखर एका कागदाची गरज होती, तिला मी 'तक्ता फाडा' म्हणून सांगितलं होतं. आणि ते अजून ग्रुपच्या माथ्यावर झळकत होतं.

मी आधी ते काढलं. मग एजवेअरवालीला म्हणाले, "लॅपटॉप इकडे दे." त्या सराईच्या बाईंना मेल लिहायला बसले आणि मला जमेना. हात सवयीने 'आम्ही मागणी करतो' वर जात होता. शेवटी तीन वाक्यं झाली: खोली आमच्या चुकीने रद्द झाली. आमच्यातल्या एकीच्या व्हिसासाठी ती लागते. परत मिळू शकेल का? रीडिंगवालीने ती वाचून एक 'कृपया' घातला.

"आणि अर्ज बुधवारपर्यंत मागे घ्यायचा नाही," मी म्हणाले.

"बघू," ती म्हणाली. माझ्यावर विश्वास ठेवायचं तिला काही कारण नव्हतं.

मंगळवारी सकाळी उत्तर आलं. चौघींची खोली गेली होती. दोघींची एक छोटी खोली शिल्लक होती, जिन्याखालची. पाचच्या आत पोचा, जेवण सहाला. मी ग्रुपवर विचारलं नाही, पोल टाकला नाही, रीडिंगवालीला फोन केला.

"जिन्याखालची आहे. तू आणि मी. चालेल?"

"तू घोरतेस," ती म्हणाली.

"घोरते."

"कन्फर्म कर."

खुलासा तिने त्याच दुपारी पाठवला. मी नवा तक्ता करून दिला, पाच ओळींचा, एकही घोषणा नसलेला. एजवेअरवाली आणि डेंटिस्टने त्या गुरुवारसाठी तळ्याकाठचं काचेचं हॉटेल घेतलं आणि आम्हाला त्याच्या न्हाणीघराचे सात फोटो पाठवले.

व्हिसा आला त्या दिवशी मी कामावरून परतताना ट्रेनमध्ये होते. रीडिंगवालीने ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं, 'मिळाला.' हार्टांचा पाऊस पडला. चार मिनिटांनी एजवेअरवालीचा मेसेज: "यय! मग आता ते गाव स्किप करू शकतो ना? व्हिसा तर हातात आहे. तळ्यावर सगळ्या एकत्र! क्रीम कोट्स!"

मी लिहायला घेतलं. मोठा परिच्छेद झाला, त्यात 'विशेषाधिकार' हा शब्द दोनदा होता. तो पाठवायच्या आत रीडिंगवालीचं उत्तर आलं.

"तुम्ही तळ्यावर जा. गुरुवारी पाचच्या आत मी त्या सराईच्या दारात असेन. हे फायनल समजा."

मी माझा परिच्छेद पुसला आणि तिला वेगळा मेसेज केला: वाटेतल्या घंट्या पुरतील, की अस्वलांसाठी पाठपिशवीला बांधायची एक घंटी आपण इथूनच घ्यायची?

"दोन घे," तिने लिहिलं. "तुझ्यावर माझा भरवसा नाही, तू मागे राहशील."