बापूची बार्ली

पेणला आमच्या घरी फोन नाही. निरोप येतो तो समोरच्या किराणा दुकानात. त्या सकाळी दुकानदार स्वतःच उठून आला, ओट्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, रोह्यावरनं फोन होता. ते मुतखडेवाले बापू... गेले. झोपेतच. हार्ट म्हणतात."  पण खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला हसू फुटलं. दुकानदार दचकला, त्याला वाटलं मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला. त्याला काय सांगणार? बापूला उभ्या जन्मात मुतखडा झाला नव्हता. अंत्ययात्रेतही माणसं एकमेकांना सांगत होती, "काय सोसलं हो या माणसाने, पण ऑपरेशनला कधी तयार झाला नाय." मी मान खाली घालून चालत होतो. दीड महिना उलटला त्याला. आता हे लिहायला हरकत उरली नाही.

बापू म्हणजे सुधाकर, माझा शाळेपासूनचा मित्र. मी पेणला मास्तर झालो, तो रोह्याला एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये लागला आणि पुलापलीकडे अष्टमीला घर करून राहिला. खाण्याच्या बाबतीत अतिशय चिकित्सक. पोह्याचा पापड तोंडात टाकून "याला एक ऊन कमी पडलंय" असं सांगायचा, आणि पापड करणारी बाई खरोखर लाजायची. प्यायचा मात्र नाही. त्याची बायको, आमच्या कुमुदवहिनी, त्यांच्या थोरल्या भावाने दारूपायी घर, शेत आणि शेवटी स्वतःला संपवलं होतं. लग्नाआधी वहिनींनी एकच अट घातली, घरात दारूचा थेंब येता कामा नये. बापूने धावीर महाराजांच्या देवळात उभं राहून शब्द दिला आणि कित्येक वर्षं तो पाळला. कंपनीच्या पार्टीत हा गृहस्थ लिंबू सरबत प्यायचा आणि इतरांचा चकणा संपवायचा.

पाचेक वर्षांपूर्वीची गोष्ट, एक्क्याण्णव की ब्याण्णव साल असेल. कंपनीत नवं मशीन बसवायला एक गोरा इंजिनिअर आला होता. गेस्ट हाउसच्या रश्श्याने त्याचं पोट बिघडलं, तेव्हा बापूने त्याला आठवडाभर मऊ भात आणि भाजका पापड खिलवून माणसात आणलं. जाताना गोऱ्याने घरून मागवलेल्या सहा छोट्या काळ्या बाटल्या बापूच्या हवाली केल्या. त्यांवर लिहिलं होतं, बार्ली वाइन. नावात वाइन असली तरी द्राक्षांशी तिचा संबंध नव्हता; बार्लीला, म्हणजे आपल्या सातूला, मोड आणून, भाजून केलेली ती दाट, भक्कम बिअर होती. गोऱ्याने बजावलं की हिच्यात बर्फ घालायचा नाही, आधी हुंगायची, मग घोट घोट घ्यायची, तीही थंडीत, आणि ठेवाल तितकी ती मॅच्युअर होते. मॅच्युअर होते म्हणजे पिकते, एवढं बापूला कळलं. आणि पिकवायचं म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला एकच रीत ठाऊक! घरी येऊन त्याने मागच्या खोलीत पेंढा पसरला आणि बाटल्यांची अढी घातली.

नेमक्या तेवढ्यात वहिनी आल्या. वहिनी जुन्या मॅट्रिक. बापूच्या हातातल्या बाटलीवरची अक्षरं त्यांनी एकेक करून लावली. "बार्ली... म्हणजे मुतखड्यावर डॉक्टर जिचं पाणी देतात ती? तुम्हाला मुतखडा झालाय?" पुढच्या शब्दावर बापूचा अंगठा होता, आणि तो त्याने तसाच दाबून धरला. नंतर मला म्हणायचा, "मास्तर, मी खोटं बोललोच नाय रे. तिने विचारलं, मी फक्त कंबरेला हात लावला."

"आणि पेंढ्यात कशाला ठेवलंय?"

"मुरायला लागतं ते."

"औषध अढीत पिकवतात हे आजच बघतेय," म्हणून वहिनी आत गेल्या, आणि त्या संध्याकाळी पानात कुळीथ आला.

मुतखड्यावर कुळीथ, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. बापूला कुळीथ लहानपणापासून डोळ्यांसमोर नको असायचा. आता सकाळी कुळथाचं कढण, दुपारी कुळथाची पिठी, रात्री उसळ. वर्षाकाठी एक बाटली आणि बाकी वर्षभर कुळीथ, असा तो सौदा होता. शिवाय आजार खरा वाटावा म्हणून अधूनमधून कण्हायला लागायचं. त्याने गावभर बोभाटा झाला. मासळीवाली टोपली उतरवून सांगायची, "दादा, पानफुटीची पानं चावून खा. माझ्या नवऱ्याचा खडा पडला, वाटाण्याएवढा व्हता!" बापूने पानफुटीही खाल्ली. हळूहळू तो या विषयातला जाणकार ठरला आणि लोक सल्ला विचारायला यायला लागले. नागोठण्याचा एक जण तर एक्स-रे घेऊन आला. बापूने तो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला आणि त्याला कुळीथ सांगितला.

पहिली बाटली आम्ही गोरा गेला त्याच आठवड्यात फोडली, बापूला धीरच धरवेना. पुढच्या मात्र थंडीत. रोह्याची थंडी म्हणजे पंखा पाचावरून दोनावर. संक्रांतीच्या मागेपुढे एका रविवारी दुपारी मला बोलावणं यायचं. गोऱ्याने पोट असलेला ग्लास हवा म्हटलं होतं, म्हणून बापूने आइस्क्रीमचे दोन काचेचे कप पैदा केले होते. मागच्या खोलीचं दार लोटून घ्यायचं, अढीतून बाटली काढायची, आंब्यासारखी दोनदा फिरवून बघायची आणि मग ओतायची. रंग काकवीचा, उजेडात धरला की तांबूस. पहिल्या खेपेला मी सरळ तोंडाला लावली तर बापूने हातावर चापट मारली. "आधी हुंग! तीर्थ आहे काय घटकन घ्यायला? काय येतंय सांग."

"दारूचा वास येतोय."

"अडाणी आहेस. खजूर येतोय. काळ्या मनुका. गुळाच्या ढेपेचा तळ... आणि पावाची करपलेली कड."

मी पुन्हा हुंगलं, तर हे सगळं खरोखरच तिथे होतं. घोट घेतला की आधी गोडवा जिभेवर जाड पसरायचा, आता नुसतं गोडच आहे असं वाटेपर्यंत मागून मेथीसारखा कडूपणा यायचा, आणि मग छातीत हळूहळू ऊब उतरायची. एका कपाला आम्हाला अख्खी दुपार पुरायची. बोलायचं ते फक्त चवीबद्दल. इतर विषय काढला की बापू चिडायचा.

दुसऱ्या खेपेपासून एक भानगड सुरू झाली. सगळं गिळून झाल्यावर शेवटी नाकात एक वास उरायचा. खमंग, मातकट, किंचित उग्र. "हा गेल्या खेपेला नव्हता," बापू डोळे मिटून म्हणाला. "पिकल्यामुळे आलाय. गोरा खरं बोलला रे... पण हा ओळखीचा आहे. अगदी घरचा वास. कसला?" झालं, शोध सुरू. भाजलेली कॉफी झाली, शेंगदाण्याची टरफलं झाली, ओल्या मातीचा असेल म्हणून मी त्याला पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात नेलं. हा एकेका मूर्तीला नाक लावत चालला. कारागिराने शेवटी हात जोडले, "काका, मूर्ती बघायची असते, हुंगायची नसते."

हा वास एकच माणूस ओळखेल असं बापूला वाटायचं, कुमुदवहिनी. त्यांचं नाक असं की शेजारच्या आमटीत काय पडलंय ते घरात बसून सांगतील. "तिला एकदा हुंगायला द्यावं असं वाटतं रे," तो म्हणायचा. दर वर्षी कप हातात घेऊन दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. कारण वास विचारायचा तर आधी शब्द मोडल्याचं सांगावं लागणार. मुतखडा नव्हता, पण हा खडा मात्र त्याला खरोखर सलत होता. "पुढच्या वर्षी शेवटची बाटली," गेल्या संक्रांतीला म्हणाला, "ती तिच्यासमोरच फोडायची. मग काय बोलायचं ते बोलू दे." पुढचं वर्ष काही त्याला मिळालं नाही.

गेल्या रविवारी मी अष्टमीला गेलो. वहिनींनी चहा विचारला नाही. सरळ मागच्या खोलीत नेलं. पेंढ्यात ती एकटी बाटली होती आणि शेजारी दोन्ही कप धुऊन पुसून ठेवलेले.

"उघडा, भाऊजी."

"वहिनी, हे औषध तर बापूचं..."

"बार्ली वाइन," वहिनी म्हणाल्या. "अंगठा काय जन्मभर धरून बसणार होते? तुमची पहिली बाटली झाली त्याच दिवशी वाचलं मी. मला वाइन वाचता येतं."

मी पेंढ्यातली बाटली उचलली. "मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर त्यांनी त्याच दिवशी सोडली असती. आणि वर्षातून एकदा तुम्ही दोघं आत बसून खजूर काय म्हणताय, मनुका काय म्हणताय... मी दाराआड ऐकायचे. माझा भाऊ कधी हुंगून प्यायला नाय हो, भाऊजी." त्यांनी विस्कटलेला पेंढा सारखा केला. "पण शब्द मोडला त्याची शिक्षा नको? म्हणून कुळीथ बंद केला नाही."

मी बाटली उघडली आणि दोन्ही कपांत ओतली. वहिनींनी बापूचा कप उचलून नाकाशी धरला. "खजूर आहे खरा," म्हणाल्या, आणि न पिता खाली ठेवला. मी घोट घेतला. खजूर आला, मनुका आल्या, कडूपणा आला, ऊब उतरली. मग मी शेवटच्या वासाची वाट बघत बसलो. तो आलाच नाही. दुसरा घोट घेतला, तरी नाही. "नाही येत, वहिनी... त्याच्याबरोबरच गेला वाटतं," मी म्हणालो, आणि माझे डोळे भरून आले.

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. शेगडी पेटल्याचा आवाज झाला, कढई आपटली, मग उलथनं फिरायला लागलं. आणि लोटलेल्या दारातून आला. खमंग, मातकट, किंचित उग्र.

"आला?" आतून वहिनींनी विचारलं.

"आला... वहिनी, हे काय?"

"कुळीथ भाजतेय. पहिल्या खेपेला शेजारीण विचारत आली होती, कसला वास येतोय म्हणून. पुढच्या वर्षापासून तुमचं सुरू झालं की मी कढई ठेवायचे. उगाच त्यांचं नाव खराब नको."

बापूने पेण आणि रोहा पालथं घातलं, मूर्ती हुंगल्या, आणि वास भिंतीपलीकडून येत होता. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "मला विचारायचं होतं ना त्यांनी," म्हणाल्या. आम्ही दोघंही हसायला लागलो, आणि हसता हसता वहिनी रडल्या, त्याच्या जाण्यानंतर माझ्यासमोर पहिल्यांदाच.

निघताना त्यांनी त्या भाजलेल्या कुळथाची पुडी हातात दिली, पिठी करायला. मी तो दळायला टाकलेला नाही. लिहायच्या टेबलावर एका डब्यात ठेवलाय. झाकण उघडलं की आधी कुळीथ येतो, आणि मग मागून, शपथेवर सांगतो, खजूर.