पंचवटी शाखेतली जादा केबल

निवृत्त होईपर्यंत मी नाशिकमधल्या एका पतसंस्थेचं नेटवर्क सांभाळत होतो. शेवटच्या काळात तिथे एक इंजिनियर बाई आल्या. त्यांनी सगळ्या शाखांमधले, संगणक एकमेकांना जोडणारे स्विच बदलून नाशिक रोडच्या मुख्य कचेरीतल्या एका सॉफ्टवेअरच्या ताब्यात दिले.

"सर, आता स्विचने स्वतः काही ठरवायचं नाही. कुठला डेटा कुठून जाणार, ते सगळं इथून ठरेल. पुढे सगळीकडे असंच होणार."

"म्हणजे पंचवटीतला हवालदार घरी पाठवायचा आणि तिथल्या रिक्षा नाशिक रोडला बसून हाकायच्या?"

त्या हसल्या. "हाकू की! फक्त नवा रस्ता काढलात तर आधी मला सांगा."

तेवढंच मी केलं नाही. पंचवटी शाखेत दुसऱ्या कामासाठी गेलो आणि दोन स्विचमध्ये एक जादा केबल जोडून आलो. एक तुटली तर दुसरी असावी, ही जन्माची सवय. जुने स्विच अशी केबल आपणहून बंद ठेवत आणि गरज पडली तरच वापरत. नव्यांना तशी मुभा नव्हती, आणि बाईंच्या सॉफ्टवेअरला माझी केबल ठाऊकच नव्हती. एकच संदेश दोन्ही केबलींतून गोल फिरत राहिला, आणि बाकी कशालाच वाट उरली नाही. मी कचेरीत पोचेपर्यंत पंचवटी शाखा ठप्प झाली होती, आणि भाजीबाजारातल्या लोकांची रांग दाराबाहेर गेली होती.

माझ्या लगेच लक्षात आलं. उलट पावली गेलो, केबल काढली, खिशात घातली. शाखा सुरू झाली.

"बघा मॅडम," अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचं सॉफ्टवेअर बसलं आरती ओवाळत, आणि काकांनी नुसता हात लावला!"

सगळे हसले. मीही हसलो. बाईंना कारण विचारलं, तेव्हा त्यांना ते सांगता येईना. निष्काळजीपणाचा शेरा घेऊन त्या गेल्या, आणि जुने स्विच परत बसले.

यंदा नंबर मिळवून त्यांना फोन केला. त्या आता नांदगावला शिकवतात. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगता सर? माझी चूक नव्हती, हे मला माहीतच होतं. शेरा ज्यांनी मारला त्यांना सांगा."

अध्यक्षांच्या घरी गेलो, केबलचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो काका, आता कोणाच्या लक्षात आहे?"

मी शेरा खोडून द्या म्हणालो. त्यांनी चहा मागवला. मी तो न पिता तिथेच बसून आहे असं त्यांच्या मुलाने माझ्या घरी कळवलं. संध्याकाळी अध्यक्षांनी शेरा खोडून खाली सही केली.